खेकड्याचे पाय

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कर्करोग हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की त्यात एक खेकडा बसलेला आहे, हे ध्यानातही येत नाही. कर्क म्हणजे खेकडा. कर्क राशीतला तोच हा. इंग्रजीतला कॅन्सर म्हणजे लॅटिनमधला खेकडा आणि त्याच्याही मागे ग्रीकांचा कार्किनोस. उर्दूत आणि अरबीत या रोगाला सरतान म्हणतात. सरतान म्हणजेही खेकडाच, आणि गंमत म्हणजे राशीचं नावही सरतानच. माझ्या लहानपणी मोहल्ल्यातल्या बायका हा शब्द तोंडातून काढत नसत. ‘उसको वो बीमारी है’ एवढंच म्हणत. पलीकडच्या वाड्यातल्या काकूही ‘गाठ निघाली’ म्हणताना आवाज खाली आणत. नाव घेतलं की रोग उंबरा ओलांडून आत येतो, ही समजूत दोन्ही घरांत सारखी.

आता खेकडाच का? विंचू का नाही, जळू का नाही? याचं उत्तर वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलेनने स्तनाच्या गाठी पाहिल्या. गाठीभोवती फुगलेल्या शिरा दोन्ही बाजूंना पसरलेल्या असत, खेकड्याच्या पायांसारख्या. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. कार्किनोसचा सरतान झाला. पुढे इब्न सीनानेही आपल्या ‘कानून’मध्ये नावाचं कारण सांगताना या पायांसारख्या शिरांचा उल्लेख केला. आपल्याकडे सुश्रुताने गाठीला अर्बुद म्हटलं, ती हळू वाढते, खोल रुजते, पिकत नाही, असं नेमकं वर्णन केलं. आपल्या वैद्याची नजर गाठीवर होती, ग्रीकांची गाठीच्या भोवती. नाव टिकलं ते भोवतालचं.

तुम्ही म्हणाल, कवी माणूस, बी. ए. झालेला, याला पेशी आणि रक्तवाहिन्यांमध्ये काय कळतं? बरोबर आहे. पण शब्दाच्या मागे लागायची मला खोड आहे आणि या शब्दाने मला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेलं. कारण त्या नावात एक प्रश्न दडलेला होता, आणि तो दीड हजारांहून अधिक वर्षं कुणी नीट विचारलाच नाही. खेकड्याला हे पाय येतात कुठून?

विचारणार तरी कसा? रक्त शरीरात फिरतं हेच हार्वेने 1628 साली दाखवलं. त्याच्या आधी कैरोत तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने हृदयातून फुफ्फुसात आणि परत अशी रक्ताची वाट ओळखली होती, पण ती वाट त्याला दिसली नव्हती, तर्काने उमगली होती. डोळ्यांनी पाहिली ती मालपिगीने. 1661 मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्याला केशवाहिन्या दिसल्या. विसाव्या शतकात, 1939 साली, सशाच्या कानात पारदर्शक काचेची खिडकी बसवून त्यात रुजवलेल्या गाठीकडे रक्तवाहिन्या वाढत जाताना पाहिल्या गेल्या. 1945 मध्ये अल्जायर आणि चॉकली यांनी उंदरांमध्ये तेच मोजूनमापून नोंदवलं. पण बहुतेक डॉक्टरांना वाटे, गाठ सुजली म्हणून शिरा फुगल्या, त्यात काय एवढं?

हे ‘त्यात काय एवढं’ ज्यांनी मोडलं त्यांचं नाव ज्यूडा फोकमन. धर्मगुरूचा मुलगा, पेशाने शल्यविशारद. 1960 च्या सुमारास अमेरिकी नौदलात सेवेला असताना त्यांच्याकडे काम आलं ते रक्ताला पर्याय शोधण्याचं. लांबच्या सफरीवर निघालेल्या जहाजावर ताजं रक्त किती दिवस साठवणार? फोकमन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी सशांच्या थायरॉइड ग्रंथी काढून काचपात्रात ठेवल्या आणि त्यांतून हिमोग्लोबिनचं द्रावण खेळवलं. ग्रंथी जिवंत राहिल्या. मग त्यांत उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी वाढल्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. त्याच गाठी पुन्हा जिवंत उंदरात ठेवल्या तर सपाट्याने वाढू लागल्या. फरक एकच होता. काचपात्रातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटू शकत नव्हत्या.

पेशीला प्राणवायू लागतो आणि तो केशवाहिनीपासून केसाच्या जाडीएवढ्या अंतरापलीकडे फारसा झिरपत नाही. म्हणजे गाठीला राईएवढं राहायचं नसेल तर तिला स्वतःसाठी रक्ताची वाट बांधून घ्यावी लागणार. फोकमन यांचं म्हणणं होतं की गाठ एक रासायनिक निरोप बाहेर सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिनीला फांदी फुटते. तो निरोप अडवला तर गाठ उपाशी राहील. हे त्यांनी नोव्हेंबर 1971 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलं. पुढची दहा वर्षं त्यांची टिंगल झाली. शल्यविशारदाने सुरी चालवावी, प्रयोगशाळेत कशाला लुडबुडावं, असा सूर होता. मला मात्र वाटतं, ते शल्यविशारद होते म्हणूनच त्यांना हे दिसलं. प्रयोगशाळेतला तज्ज्ञ गाठ पाहतो ती कापून काढलेली, पांढरी पडलेली, रक्त निघून गेलेली. सर्जनच्या हातात ती उष्ण असते आणि भळाभळा वाहते.

त्यांचं आवडतं साधन म्हणजे कोंबडीचं फलित अंडं. टरफलाला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पातळ पडद्यावर गाठीचा कण ठेवायचा. काही दिवसांत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या त्या कणाकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या वळतात. ज्यांनी हे पाहिलं त्यांना खेकडा का म्हणतात ते समजावून सांगावं लागलं नसेल. तो निरोपही पुढे हाती लागला. 1983 मध्ये सेंगर आणि ड्वोराक यांना एक प्रथिन सापडलं, 1989 मध्ये नापोलिओन फेरारा यांच्या गटाने त्याची ओळख पक्की केली. त्याला व्हीईजीएफ म्हणतात.

ही सगळी कथा परदेशातली आहे असं वाटेल. पण तिच्या आगेमागे पुणं आहे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा, पुण्यातला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, मग शेतकी कॉलेजातून एम. एस्सी. लग्नानंतर मुंबई. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं होतं आणि तिथे वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखा कडक गुरू होता. त्यांच्या हाताखाली 1949 मध्ये डॉक्टरेट घेऊन कमलताई अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी 1951 मध्ये काचेत जगवणारे ते हेच गे. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जगवायची, वाढवायची, तिच्याकडून बोलतं करून घ्यायचं, ही विद्या त्यांनी इथे आणली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. हुजूरपागेवरून जाताना किती जणांना त्यांची आठवण होते कुणास ठाऊक.

त्याच विद्येचं मोठं घर पुण्यात 1986 मध्ये सुरू झालं. देशभरच्या संशोधकांना पेशी जपून, वाढवून पुरवणारी ही राष्ट्रीय सुविधा आज राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. विद्यापीठाच्या आवारात, झाडीत, तुम्ही बाहेरून पाहिली असेल. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे. पण आधी या कथेतलं सर्वांत देखणं आणि सर्वांत फसवं पान.

फोकमन यांच्यासकट सगळे धरून चालले होते की मोठ्या माणसाच्या शरीरात नवी रक्तवाहिनी जुन्या रक्तवाहिनीलाच फुटते, झाडाला फांदी फुटावी तशी. 1997 मध्ये बोस्टनमध्ये जेफ्री इस्नर यांच्या प्रयोगशाळेत ताकायुकी असाहारा यांनी वेगळंच काही जाहीर केलं. प्रौढ माणसाच्या वाहत्या रक्तात अशा पेशी आहेत की त्या काचपात्रात रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींसारखं रूप घेतात. जनावराच्या रक्तपुरवठा तोडलेल्या पायात सोडल्या तर तिथल्या नव्या रक्तवाहिन्यांत सापडतात. या पेशींचं मूळ गाव म्हणजे हाडांच्या आतली मज्जा. मूलपेशी हा शब्द तेव्हा नुकता वर्तमानपत्रांत यायला लागला होता, आणि या तर रक्तात भटकणाऱ्या मूलपेशी निघाल्या.

मग कर्करोगाच्या गाठीचं काय? 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लायडन, शाहीन रफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार हुशार प्रयोग केला. त्यांच्याकडे असे उंदीर होते की दोन जनुकांत खोट असल्यामुळे त्यांच्या शरीरात गाठीला रक्तवाहिन्या फुटतच नसत. पेरलेली गाठ सुकून जाई. या उंदरांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिली. गाठी वाढल्या. त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्या तर त्यांत दात्याच्या मज्जेतून आलेल्या पेशी, खूण केलेल्या, स्पष्ट दिसत होत्या.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. स्तनातली एक गाठ हाक मारते, ती हाक रक्तातून मांडीच्या हाडापर्यंत पोचते आणि तिथून बांधकामाचे मजूर निघतात. आपल्या पुण्यात सकाळी मजूर अड्ड्यावर लांबलांबच्या गावांहून आलेली माणसं उभी असतात, टेम्पो येतो आणि कोणाच्या इमारतीवर जायचंय हे न विचारता ती चढतात. तसं. कवीला आणखी काय हवं? शास्त्रज्ञांनाही हवंच होतं. या पेशी रक्तात मोजल्या तर रोग आधी कळेल, त्यांना अडवलं तर गाठ उपाशी मरेल, त्यांच्याच पाठीवर औषध लादलं तर ते नेमकं गाठीत पोचेल, अशा तीन-तीन आशा एकदम उभ्या राहिल्या.

मग मोजणी सुरू झाली आणि गडबड झाली. कुणाला गाठीच्या रक्तवाहिन्यांत निम्म्यापर्यंत मज्जेच्या पेशी दिसत, कुणाला जवळजवळ शून्य. माणसांत काय होतं ते पाहण्याची एक चतुर वाट 2005 मध्ये निघाली. विरुद्ध लिंगाच्या दात्याची अस्थिमज्जा घेतलेले आणि पुढे कर्करोग झालेले सहा रुग्ण शोधले गेले. बाईच्या गाठीतल्या रक्तवाहिनीत पुरुषाचं वाय गुणसूत्र दिसलं, तर ती पेशी दात्याची. अशा पेशी सरासरी 4.9 टक्के निघाल्या. म्हणजे शंभर विटांत पाचच बाहेरच्या. 2007 मध्ये इंडियानातल्या मर्विन योडर यांच्या गटाने दाखवलं की ज्या पेशींना अस्तराच्या मूलपेशी म्हणून सर्रास मोजलं जात होतं, त्यांतल्या बऱ्याचशा मुळात रक्तातल्या भक्षकपेशींच्या कुळातल्या होत्या. आणि 2008 मध्ये हेलसिंकीच्या पेत्री साल्वेन यांच्या गटाने उंदरांच्या गाठी थर-थर करून पाहिल्या आणि थेट सांगितलं की मज्जेतून आलेली पेशी अस्तरात बसलेली त्यांना सापडत नाही, आणि गाठ वाढायला तिची गरजही नाही.

इतक्या हुशार माणसांना चकवा कसा बसला, हे मला या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. रक्तवाहिनीचं अस्तर एका पेशीएवढं पातळ. त्याला बाहेरून घट्ट चिकटून बसलेली भक्षकपेशी वरून पाहिली तर अस्तराचाच भाग वाटते. भिंतीला टेकून उभा असलेला माणूस लांबून खांब वाटावा तसं. शिवाय ज्या रासायनिक खुणांवरून अस्तराची पेशी ओळखायची, त्यांतल्या काही खुणा या दुसऱ्या पेशीही अंगावर वागवतात. त्याच 2008 साली न्यूयॉर्कच्या गटाने मात्र थोड्याच पेशी असल्या तरी रोग फुफ्फुसात पसरताना त्या निर्णायक ठरतात, असं मांडलं. वाद एका दिवसात मिटला नाही. पण पारडं झुकलं ते झुकलंच. 2017 मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन जुनं सरसकट नाव सोडावं आणि दोन निराळ्या पेशींना दोन निराळी नावं द्यावीत, असं सुचवलं.

म्हणजे मजूर आलेच नव्हते का? आले होते. मिलानमध्ये मिकेले दे पाल्मा आणि लुईजी नाल्दिनी यांनी 2003 मध्येच दाखवलं होतं की मज्जेतून निघालेल्या काही पेशी गाठीत येतात, रक्तवाहिन्यांच्या शेजारी ठाण मांडतात आणि वाहिन्या वाढवायला लावतात. भिंतीत विटा म्हणून त्या बसत नाहीत. त्या मुकादम आहेत. बांधकाम करतात ते स्थानिकच, शेजारच्या जुन्या रक्तवाहिनीच्या पेशी. म्हणजे फोकमन यांची फांदी पुन्हा खरी ठरली. ते पाहायला ते राहिले नाहीत. 14 जानेवारी 2008 रोजी डेन्व्हरच्या विमानतळावर, एका परिषदेला जाताना, त्यांचं निधन झालं.

आणि इथे पुन्हा आपलं विद्यापीठाच्या आवारातलं केंद्र येतं. तेव्हा तिथे असलेले गोपाल कुंडू ऑस्टिओपॉन्टिन नावाच्या प्रथिनावर काम करत होते. 2004 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. 2008 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की स्तनाच्या कर्करोगात हे प्रथिन व्हीईजीएफचं उत्पादन वाढवतं आणि रक्तवाहिन्या फुटायला चालना देतं. 2014 मध्ये याच गटाने मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात गाठीत शिरलेल्या भक्षकपेशींचा माग काढला. ऑस्टिओपॉन्टिनचा इशारा मिळाला की या पेशी कॉक्स-2 नावाचं एन्झाइम वाढवतात आणि त्यातून रक्तवाहिन्यांच्या वाढीला जोर येतो. मुकादमाला हुकूम कुठून येतो, त्याचा एक धागा पुण्यात सापडला तो असा.

औषधांचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्यांत रुग्ण असतील, त्यांच्या घरची माणसं असतील. 1998 च्या मे महिन्यात अमेरिकी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या औषधांची बातमी आली आणि जगभरच्या रुग्णांचे फोन खणखणू लागले. औषधं उंदरांना बरी करत होती. उंदराला कर्करोग झाला तर आम्ही त्याची उत्तम काळजी घेऊ, असं फोकमन स्वतःच म्हणत, पण ते कोण ऐकतो? व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी 2004 मध्ये मंजूर झालं. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीला त्याची जोड दिली, तेव्हा रुग्णांचं मध्यम आयुर्मान 15.6 महिन्यांवरून 20.3 महिन्यांवर गेलं. जवळजवळ पाच महिने. ज्याच्या घरी मुलीचं लग्न ठरलंय त्याला पाच महिने म्हणजे काय, ते आकड्यात मांडता येत नाही. पण हे बरं होणं नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी 2008 मध्ये तिथे दिलेली मंजुरी 2011 मध्ये मागे घेतली गेली, कारण तिथे धोक्याच्या मानाने फायदा सिद्ध झाला नाही. एक निरोप अडवला तर गाठ दुसरा पाठवते.

विज्ञानाने 1997 चा तो देखणा विचार तपासून बराचसा बाजूला ठेवला. बाजाराने मात्र तो ठेवून घेतला. मज्जेतली मूलपेशी कुठेही जाते, काहीही होते, काहीही दुरुस्त करते, हे वाक्य अजून रंगीत पत्रकांवर छापून येतं. यात एक खरी गोष्ट आहे आणि तिची गल्लत होऊ नये. रक्ताच्या काही कर्करोगांत अस्थिमज्जेचं रोपण हा पक्का, सिद्ध उपचार आहे. आपल्या देशात तो 1983 मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी सुरू केला. अशा ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर उपचार म्हणून करता येणार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केलं. शिवाय चाचणी असेल तर रुग्णाकडून तिचे पैसे घ्यायचे नसतात.

मागच्या वर्षी माझा एक कवीमित्र असंच एक पत्रक घेऊन आला. त्याच्या बायकोला स्तनाचा कर्करोग. ‘तू या विषयावर वाचत असतोस, सांग काय करू,’ म्हणाला. केमोने खचलेलं शरीर मूलपेशी पुन्हा उभं करतील, असं त्यात होतं. किंमत त्याच्या फ्लॅटच्या निम्म्याएवढी. मी म्हटलं, ‘मी डॉक्टर नाही, वहिनींच्या डॉक्टरांना हा कागद दाखव. आणि त्या लोकांना एकच विचार. देशात प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदणी होते, 2009 पासून ती सक्तीची आहे. तुमचा नोंदणी क्रमांक काय?’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. क्रमांक मिळाला नव्हता. पॅकेजवर वीस टक्के सूट मिळाली होती. पत्रक त्याने रद्दीत टाकलं, आणि सोमवारी वहिनींची केमोची चौथी फेरी ठरल्याप्रमाणे झाली.